गार्डमामांची अळंबीची गाडी

आयुष्यात पुढे जाण्यासाठी धडपडणारी माणसं मी पोत्याने पाहिली आहेत, पण मागे राहण्यासाठी भांडणारा माणूस मला जन्मात एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा रेल्वेत गार्ड होते, तेही मालगाडीवर. विरार ते वलसाड अशा येरझाऱ्या त्यांनी तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून घातल्या. त्यामुळे डोंगर, खाड्या, भाताची खाचरं आणि माणसं त्यांनी कायम लांब लांब जातानाच पाहिली होती. निवृत्त होऊन पालघरच्या घरी आले की माणूस सुधारेल अशी मामींची आशा होती. कसचं काय! एसटीत मामा शेवटच्या बाकावर. कीर्तनात शेवटच्या रांगेत खांबाला टेकून. पंगतीत सगळी पानं भरली, सगळी माणसं बसली, मीठ-लिंबू पोचलं याची खात्री झाल्याशिवाय मामा पाटाला पाय लावत नसत, आणि बसले की पंगतीच्या पार टोकाला, जिथे जिलबी पोचेपर्यंत ताटात फक्त पाक उरलेला असे.

माझ्या लग्नात मला त्यांचा पहिला प्रसाद मिळाला. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. आमचे मामा नवरीच्या मागे चालत निघाले, पण करवल्यांच्याही मागे, आणि एका करवलीची चप्पल सापडेना म्हणून त्यांनी खाकी कोटाच्या खिशातून लाल बावटा काढून सगळी वरात मांडवाच्या दारात उभी केली. अंतरपाटाच्या अलीकडे मी मान अवघडून उभा होतो. भटजींनी मंगलाष्टकांची दोन कडवी पदरची घातली. शेवटी चप्पल सापडली, हिरवा बावटा हलला, शिट्टी झाली आणि माझं लग्न लागलं. नंतर मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "उशीर झाला असं समजू नका जावईबापू. डबे सगळे जोडून पोचलं की ती गाडी वेळेवरच."

ते बावटे मामींच्या हातचे. लाल त्यांच्या जुन्या लुगड्याचा आणि हिरवा माझ्या बायकोच्या, म्हणजे कुसुमच्या, लहानपणच्या परकराचा. रेल्वेने आपले बावटे परत घेतले तेव्हा मामा तीन दिवस जेवले नव्हते, म्हणून मामींनी हे शिवून दिले. कुसुमचा परकर भर चौकात हलताना पाहून ती बिचारी अजून लाजते.

पण मामांचा खरा थाट बघायचा तो अळंबीच्या दिवशी. आषाढ सरत आला, पावसाने दोन दिवस उघडीप दिली, अंगाची नुसती काहिली व्हायला लागली, की मासवणच्या पलीकडल्या डोंगरात वारुळांवर पांढऱ्या अळंब्या उगवतात. हे मामांना मालगाडीने शिकवलं. वैतरणेच्या अलीकडे त्यांची गाडी तासन् तास बाजूला उभी करून ठेवत, मेल गाड्या खिजवत निघून जात, आणि मामा रुळांवरल्या गँगमनबरोबर झाडीत शिरून अळंब्या खुडत. निवृत्त झाल्यावर या विद्येचं काय करावं? तर मामांनी दरवर्षी पाहुण्यांना रान दाखवायला न्यायचं ठरवलं. पाहुणे म्हणजे प्रवासी, वाट म्हणजे लाइन, आणि मामा अर्थातच गार्ड. आता मला सांगा, वाट दाखवणारा माणूस कुठे चालतो? पुढे. आमचा वाटाड्या सगळ्यांच्या मागे चालायचा.

मग पुढे कोण? पुढे इंजिन. इंजिन म्हणजे मासवणजवळच्या पाड्यावरची लाडकीबाई. डोंगराच्या उतारावर तिच्या टीचभर शेतात नाचणी आणि भात. बाजाराच्या दिवशी डोक्यावर रानभाजीची पाटी घेऊन पालघरला यायची, आणि अळंबी उगवली की मामांच्या ओट्याशी थांबून एकच शब्द बोलायची, "आली." एवढं ऐकलं की मामा स्टेशनावर पळत. पोस्टाच्या भरवशावर अळंबी थांबत नाही, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या गार्डांकडे चिठ्ठ्या दिल्या जात. मी तेव्हा बोईसरला, तारापूरकडच्या नव्या बांधकामावरच्या एका ठेकेदाराकडे नकाशे काढायला होतो. स्टेशनातला हमाल येऊन माझ्या हातात कागद ठेवायचा: "रविवार. ६-४०. एसटी स्टँड. लेट होऊ नये. प्रवाशाने स्वतःची टोपली आणावी." मला चालण्याचा मनापासून तिटकारा आहे. पण ओल्या खोबऱ्यातलं आणि चार आमसुलांचं ते अळंबीचं कालवण आठवलं की पाय आपोआप निघत.

मासवणला उतरलं की मामा सगळ्यांना एका ओळीत उभं करत आणि नियम सांगत. इंजिनाच्या पुढे कोणी जायचं नाही. गार्डाच्या मागे कोणी राहायचं नाही. एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला. अळंबी दिसली तर बोट दाखवायचं नाही, कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते तशीच अळंबी जागच्या जागी कुजते. दाखवायचीच तर कोपराने दाखवा. एकदा मी आमच्या साइटवरच्या मिश्राजींना घेऊन गेलो होतो. त्यांनी पहिल्याच वारुळाशी "अरे, वो देखो!" करून सरळ बोट रोखलं. मामांनी शिट्टी मारून सगळी गाडी थांबवली आणि त्यांना स्वतःचं बोट चावायला लावलं. मिश्राजी पुढचा सगळा वेळ दोन्ही हात खिशात घालून चालले आणि निसरड्यावर पडले तेसुद्धा हात खिशात ठेवूनच.

वारुळाशी पोचल्यावर मात्र दोघं वेगवेगळी कामं करत. लाडकीबाई वाकून अळंब्या हलक्या पिळून काढायची, मूळ जमिनीत ठेवायची आणि मधल्या दोन न उमललेल्या कळ्यांना हात लावू द्यायची नाही. "हा रानाचा वाटा हाय," म्हणायची, "समदा तुमीच खाल्ला तर फुडल्या साली काय खावाल?" मग प्रत्येकाने आपली टोपली मामांपुढे तपासणीला धरायची. मामा एकेक अळंबी उचलून नाकाशी नेत, तिच्या डोक्यावरलं टोक अंगठ्याने चाचपत, देठावरून बोट फिरवत आणि डोळे मिटून सांगत, "लाइन क्लिअर." देठाला विषारी जातीची बांगडी लागली की फेकून देत. त्यांनी पास केलेल्या अळंबीने कधी कुणाचं साधं पोटसुद्धा दुखलं नाही. डोळे मिटून पारख करणारा तो गंभीर चेहरा पाहून आम्ही म्हणायचो, काय हा अधिकार!

अधिकार होताच. पण डोळे मिटण्याचं कारण निराळं होतं, आणि त्याची कुणकुण पहिल्यांदा श्रीधरला लागली. श्रीधर मामांचा एकुलता एक मुलगा, मुंबईत विम्याच्या ऑफिसात, परळला दोन खोल्या. मामांना त्याने एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आतल्या पडद्याचं दुखणं आहे, ऑपरेशनने सुटणारं नाही, हळूहळू कमी होत जाईल. तेव्हाच श्रीधरने सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी नीट दिसेनासं होईल त्या दिवशी पालघरचं घर बंद आणि दोघांनी मुंबईला यायचं. यात वाईट काही नव्हतं, पोटचा मुलगा दुसरं काय म्हणणार? पण परळच्या दुसऱ्या मजल्यावर मामांनी कुठल्या गाडीच्या मागे चालायचं? तेव्हापासून मामा कुणालाही विचारलं नसताना सांगत, "दिसतंय हो मला, सिग्नल दिसतोय."

त्या वर्षी श्रीधर स्वतः अळंबीला येणार होता. आदल्या संध्याकाळी त्याने मला बाजूला घेतलं. "भाऊजी, उद्या बाबांवर लक्ष ठेवा. त्यांना दिसतं की नाही ते मला खरं सांगा. नाही म्हणालात तर सोमवारी मी त्यांना बरोबर घेऊनच जातो."

झाली पंचाईत! कालवण त्यांचं खायचं आणि हेरगिरीही त्यांचीच करायची. तरी मी परीक्षा घेतली. भिंतीवरल्या घड्याळाकडे पाठ करून सहज विचारलं, "मामा, किती वाजले हो?" मामांनी घड्याळाकडे मान वर करून क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "सहा बारा." मी वळून पाहिलं तर सहा बारा. मी खुशीत श्रीधरला कळवून टाकलं की डोळे ठणठणीत आहेत. कुसुमने मला वेड्यात काढलं. म्हणाली, "आत्ताच वलसाडची पॅसेंजर गेली. ती सहा दहाला जाते. मामांना घड्याळ कशाला लागतंय?"

दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखंच सुरू झालं. इंजिन धरून अकरा माणसं मामांनी खांद्याला हात लावून मोजली. गार्ड स्वतःला मोजत नाही, हाही एक नियम. श्रीधरने तिथेच काढलं, "बाबा, आज तुम्ही पुढे चाला ना." मामा एवढे दुखावले की मला वाटलं आता तीन दिवस जेवत नाहीत. "गार्ड इंजिनाच्या पुढे? अपघात झालाय का?" विषय संपला. श्रीधर लाडकीबाईच्या मागोमाग चालायला लागला. त्याच्या गळ्यात नवाकोरा ट्रान्झिस्टर होता, आणि रानाला आपण काय ऐकवतो आहोत याची पर्वा न करता त्याने तो मोठ्याने लावला. मी जावई, म्हणून मला मानाचा शेवटचा डबा. मामांच्या पुढे मी आणि माझ्या पुढे निसरडं. मामांवर लक्ष ठेवायचं कबूल करून मी घरून निघालो होतो, पण पहिल्याच उतारावर चपलेचा अंगठा तुटला आणि त्यानंतर मी माझ्या पायांखेरीज जगात कशावरही लक्ष ठेवलं नाही.

ओहोळ ओलांडून, साग-ऐनाच्या झाडीतून चढून आम्ही वारुळाशी पोचलो. अळंब्या होत्या, पण बेताच्याच. टोपल्यांचे तळ जेमतेम झाकले. तपासणीची वेळ झाली, तरी शिट्टी काही होईना. कुसुम मागे पाहून म्हणाली, "मामा कुठेत?"

माझ्या मागे कोणी नव्हतं.

घाईघाईने मोजलं तर माणसं अकरा. सगळी बरोबर! मामांनी आम्हांला इतकं पक्कं शिकवलं होतं की एक माणूस हरवूनसुद्धा आमचा हिशेब जुळत होता. श्रीधर तसाच मागे पळायला निघाला. लाडकीबाई त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "तो रेडू बंद कर आदी." तिने कमरेच्या कोयत्याला हात लावला. कोयत्याच्या मुठीला एक घुंगरू बांधलेला होता. तो मी गेल्या दोन खेपांना पाहिला होता. साप-किरडू पळावं म्हणून असेल असं आम्ही समजायचो. "हा वाजतो तवा गार्डबाबा येतो," ती म्हणाली. "दोन सालं झाली बांदलाय. आज तुजा रेडूच वाजत व्हता. त्याला काय आयकू येनार?"

श्रीधरने माझ्याकडे पाहिलं. मी तुटक्या चपलेकडे पाहिलं. ट्रान्झिस्टर बंद झाला आणि रान एकदम मोठं वाटायला लागलं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की काय सांगू.

धावत परत ओहोळाशी आलो. तिथे वाटेला दोन फाटे फुटत होते. आम्ही डावीकडे गेलो होतो. लाडकीबाईने उजवीकडच्या चिखलातला मामांच्या काठीचा ठसा दाखवला, कोपराने. शंभर पावलांवर एका जुन्या ऐनाखाली मामा उभे होते. ताठ. खाकी कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांच्या पुढ्यात पुरुषभर उंचीचं वारूळ होतं आणि त्याच्या पायथ्याशी, उतारावर, झाडाच्या बुंध्यापर्यंत अळंब्याच अळंब्या, जमीन दिसू नये इतक्या. वाट चुकलेला गार्ड नाकाच्या मागोमाग चालत रानातल्या सगळ्यात मोठ्या वारुळाशी येऊन थांबला होता. पावलांचा आवाज येताच ते गरजले, "सगळी गाडी पुढे पळवलीत! मागे बघायची कुणाला अक्कल आहे की नाही? गार्ड जागेवर उभा आहे केव्हाचा, बावटा दाखवत."

मंडळींना कशाचं भान राहिलं नाही. टोपल्या घेऊन सगळे वारुळाकडे धावले. "मामांनी मुद्दाम गंमत केली," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलंही. श्रीधर आणि मी मात्र उभेच राहिलो. मामा एका हाताने बावटा उंच धरून आम्हांला थांबवत होते, खांदा दुखत असणार तरी हात खाली येऊ देत नव्हते. आणि त्यांच्या हातातला बावटा हिरवा होता.

आता श्रीधरला माझ्या साक्षीची गरज उरली नव्हती. मी मनातल्या मनात मामांची ट्रंक बांधली. श्रीधर हळूहळू पुढे गेला. म्हणाला, "बाबा, गाडी थांबली. बावटा खाली घ्या."

"लाल दाखवल्यावर थांबायलाच हवं," मामा म्हणाले.

"हो," श्रीधर म्हणाला, "लाल दाखवल्यावर थांबायलाच हवं." आणि त्याने बापाच्या हातातून बावटा घेऊन नीट गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर मामींनी मला मागच्या पडवीत गाठलं. मोरीत पाट्यावरचं खोबरं धुतलेलं पाणी वाहत होतं, आत फोडणी तडतडत होती, आणि कुसुम मामांना अळंब्या मोजून दाखवत होती. "काय झालं आज? श्रीधर बोलत नाही," मामी म्हणाल्या. मी सांगितलं. हिरव्या बावट्याचं ऐकताच त्या पायरीवर मटकन बसल्या.

"माझंच चुकलं हो जावईबापू. लाल बावट्याच्या कोपऱ्याला गाठ असते. बोटाला लागते म्हणून त्यांनीच केव्हातरी मारली होती. धुताना सुटते, मग मी परत मारून ठेवते. दोन वर्षं झाली. ते मला काही बोलले नाहीत, मी त्यांना काही बोलले नाही. काल श्रीधर यायचा म्हणून दोन्ही बावटे धुतले, इस्त्री केली आणि गाठ मुद्दाम सोडली. म्हटलं, पोराच्या नजरेला पडायला नको."

त्या डोळे पुसायला लागल्या. मी काहीतरी बोलायला म्हणून वळलो तर दारात श्रीधर रिकामी टोपली घेऊन उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. टोपली खाली ठेवून तो आत गेला आणि जेवताना त्याने तीनदा कालवण मागून घेतलं. मामा पंगतीच्या टोकाला बसून प्रत्येकाच्या वाटीची चौकशी करत होते.

सोमवारी सकाळी श्रीधर निघाला तेव्हा त्याच्या हातात त्याची एकट्याचीच पिशवी होती. मामींनी भीत भीत विचारलं, "मग आमचं काय ठरलं रे?" तो चपला घालत म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." जाताना दोरीवर वाळत घातलेला लाल बावटा त्याने काढला, त्याच्या कोपऱ्याला घट्ट गाठ मारली आणि मामांच्या कोटात ठेवून दिला.

पुढच्या वर्षी चिठ्ठी आली, रविवार, सहा चाळीस. श्रीधर आदल्या दिवशीच आला होता, ट्रान्झिस्टर घरी ठेवून. मासवणला मामांनी नियम सांगितले, अकरा माणसं मोजली, दोन शिट्ट्या दिल्या. लाडकीबाईचा घुंगरू वाजायला लागला. मी माझ्या मानाच्या जागी, या खेपेला बूट घालून. थोडं चाललो असू, तेवढ्यात माझ्या मागे मामा थबकले. एक शिट्टी झाली. सगळी गाडी उभी राहिली.

"माझ्या मागे कोण आहे?" मामांनी न वळता विचारलं.

"मी आहे, बाबा."

"गार्डाच्या मागे कोणी राहायचं नाही. नियम आहे."

"जादा डबा लागलाय," श्रीधर म्हणाला.

मामांची बोटं खिशात बावट्याच्या कोपऱ्याशी चाळवत होती. शेवटी म्हणाले, "मग मोजून घे. शेवटच्या डब्यातल्याने मोजायचं असतं."

श्रीधरने हात पुढे करून बापाच्या खांद्यावर ठेवला आणि तिथूनच मोजायला सुरुवात केली. "एक," तो म्हणाला.

त्यानंतर मामा पाच आषाढ आमच्याबरोबर आले आणि पाचही वेळा श्रीधर त्यांच्या मागे होता. आता मामा नाहीत. श्रीधरला वारूळ सापडत नाही, मला चालवत नाही, आणि लाडकीबाई आमच्यावर हसते. तरी आम्ही जातो. मासवणला उतरलो की श्रीधर खिशातून तो गाठीचा बावटा काढतो आणि माणसं मोजतो, आणि दरवर्षी त्याचा आकडा एकाने जास्त येतो. आम्ही कोणी तो दुरुस्त करत नाही.